लैंगिक संप्रेरके आणि प्राण्यांची अवकाशीय स्मृती

लैंगिक संप्रेरके आणि अवकाशीय स्मृती हा वर्तनीय अंतःस्रावशास्त्र व चेताविज्ञान यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके प्रामुख्याने प्रजननाशी निगडित मानली जातात. मात्र शिकणे, वाट लक्षात ठेवणे आणि अन्नाची किंवा घरट्याची जागा पुन्हा शोधणे या क्रियांवरही त्यांचा परिणाम होतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनातून स्पष्ट झाले. हे संशोधन मुख्यत्वे उंदरांवर झाले असून व्होल, हरणमूषक, पक्षी आणि काही मांसाहारी सस्तन प्राण्यांचाही अभ्यास झालेला आहे.

या संशोधनाचा सारांश 'अमुक संप्रेरक स्मृती वाढवते' किंवा 'नर मादीपेक्षा हुशार असतो' अशा एका वाक्यात मांडता येत नाही. संप्रेरकाची मात्रा, ते मिळण्याचा काळ, प्राण्याचे वय, त्याच्यावरील ताण आणि त्याला दिलेले काम यांनुसार परिणामाची दिशा बदलते. अनेक प्रयोगांत संप्रेरकामुळे स्मृतीची एकूण क्षमता बदलत नाही. प्रश्न सोडवताना प्राणी कोणती रीत अवलंबतो, ती रीत बदलते.

प्रस्तुत लेखात 'उंदीर' हा शब्द प्रयोगशाळेतील रॅट या प्राण्यासाठी आणि 'लहान उंदीर' हा शब्द माउस या प्राण्यासाठी वापरला आहे.

संज्ञा

आपण कोठे आहोत, इष्ट वस्तू कोठे आहे आणि तेथवर कसे पोहोचावे याविषयीची माहिती साठवून ठेवण्याच्या व आठवण्याच्या क्षमतेस अवकाशीय स्मृती म्हणतात. तिचे दोन प्रकार केले जातात. एकाच प्रयोगापुरती, काही मिनिटांसाठी लागणारी माहिती ही कार्यकारी स्मृती होय, उदा. 'या खणातील दाणा मी आत्ताच खाल्ला आहे'. दिवसेंदिवस न बदलणारी माहिती ही संदर्भ स्मृती होय, उदा. 'त्या खणात दाणा कधीच नसतो'. संप्रेरकांचा परिणाम दोन्हींवर सारखा होत नसल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग अवकाशीय स्मृतीचे प्रमुख केंद्र समजला जातो. प्राण्याच्या मनात परिसराचा एक नकाशा तयार होतो, ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी इ.स. १९४८ मध्ये मांडली. पुढे इ.स. १९७१ मध्ये जॉन ओ'कीफ व जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या, ज्या प्राणी ठरावीक जागी आला की उद्दीपित होतात. या पेशींना 'स्थानपेशी' असे नाव मिळाले. या शोधासाठी ओ'कीफ यांना इ.स. २०१४ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्यासमवेत मिळाले. हिप्पोकॅम्पसच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन व अँड्रोजेन या दोन्ही गटांतील संप्रेरकांचे ग्राही असतात. संप्रेरके स्मृतीवर परिणाम करू शकतात यामागील शारीरिक आधार हाच आहे.

मोजण्याच्या पद्धती

प्राण्याची स्मृती प्रत्यक्ष पाहता येत नाही. तिचे अनुमान त्याच्या वर्तनावरून काढावे लागते. त्यासाठी पुढील चाचण्या प्रचलित आहेत.

जलव्यूह चाचणी ही रिचर्ड मॉरिस यांनी इ.स. १९८१ मध्ये प्रथम वर्णिली. गोल हौदातील पाणी गढूळ केलेले असते आणि पृष्ठभागाखाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो. उंदराला पोहत जाऊन तो शोधावा लागतो. चौथरा दिसत नसल्यामुळे खोलीतील दार, दिवा, भिंतीवरील चित्र अशा दूरच्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवावी लागते. चौथऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागलेला वेळ व अंतर मोजले जाते.

अरीय व्यूह ही चाचणी डेव्हिड ओल्टन व रॉबर्ट सॅम्युएलसन यांनी इ.स. १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. मध्यभागातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सामान्यतः आठ मार्गिका निघतात. काही किंवा सर्व मार्गिकांच्या टोकाशी अन्न ठेवलेले असते. एकदा जाऊन आलेल्या मार्गिकेत प्राणी पुन्हा शिरला, तर ती कार्यकारी स्मृतीची चूक धरली जाते. जेथे कधीच अन्न नसते तेथे तो शिरला, तर ती संदर्भ स्मृतीची चूक होय.

अधिक चिन्हाच्या आकाराचा व्यूह हा क्षमता मोजण्यापेक्षा रीत ओळखण्यासाठी उपयुक्त आहे. प्राण्याला दक्षिणेकडील मार्गिकेतून सोडून, समजा, पूर्वेकडे अन्न शोधण्यास शिकवले जाते. नंतर त्याला उत्तरेकडून सोडतात. तो पुन्हा पूर्वेकडेच गेला, तर त्याने 'जागा' शिकलेली असते. पूर्वीप्रमाणे उजवीकडे वळून तो पश्चिमेस पोहोचला, तर त्याने 'वळण' शिकलेले असते. जागा शिकण्यात हिप्पोकॅम्पसचा, तर वळणाची सवय लागण्यात स्ट्रायटम या भागाचा वाटा मोठा असतो. मार्क पॅकर्ड व जेम्स मॅकगॉ यांनी इ.स. १९९६ मध्ये हे भाग तात्पुरते निष्क्रिय करून दाखवून दिले.

घडविणारे आणि चेतविणारे परिणाम

लैंगिक संप्रेरकांचे परिणाम दोन प्रकारचे असतात, ही मांडणी चार्ल्स फिनिक्स, रॉबर्ट गॉय, आर्नल्ड जेरल आणि विल्यम यंग यांनी इ.स. १९५९ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांच्या आधारे केली. जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच मिळालेले संप्रेरक मेंदूची जडणघडण कायमची बदलते. हा घडविणारा परिणाम होय. प्रौढ वयात रक्तात फिरणारे संप्रेरक त्या घडलेल्या मेंदूला तात्पुरते उद्दीपित करते व संप्रेरक ओसरले की परिणामही ओसरतो. हा चेतविणारा परिणाम होय. मूळ प्रयोग लैंगिक वर्तनाविषयी होते. स्मृतीच्या अभ्यासात हीच विभागणी पुढे वापरली गेली.

क्रिस्टिना विल्यम्स, ॲलिसन बार्नेट व वॉरन मेक यांनी इ.स. १९९० मध्ये नवजात नर उंदरांची वृषणे काढली आणि नवजात मादी उंदरांना इस्ट्राडायॉल दिले. मोठेपणी अरीय व्यूहात अशा नरांचे शिकणे सामान्य मादीसारखे, तर अशा मादींचे शिकणे सामान्य नरासारखे आढळले. वरकरणी 'स्त्री संप्रेरक' समजल्या जाणाऱ्या इस्ट्राडायॉलने मादीचे वर्तन नरासारखे व्हावे, याचे स्पष्टीकरण असे आहे. नर पिलाच्या वृषणांतून स्रवणारे टेस्टोस्टेरॉन मेंदूत ॲरोमॅटेज या विकरामुळे इस्ट्राडायॉलमध्ये रूपांतरित होते. उंदरांमध्ये 'नर' जडणघडणीचा मोठा भाग या रूपांतरित इस्ट्राडायॉलमुळेच होतो. त्यामुळे या संप्रेरकांना 'पुरुषी' व 'स्त्रैण' अशी नावे देणे शास्त्रीयदृष्ट्या दिशाभूल करणारे ठरते.

याच संशोधकांच्या प्रयोगांतून आणखी एक फरक समोर आला. नर उंदीर मुख्यतः खोलीच्या आकारावर, म्हणजे भिंतींच्या भौमितिक मांडणीवर विसंबत होते. मादी उंदीर आकाराबरोबरच ठळक वस्तूंच्या खुणाही वापरत. वस्तूंची जागा बदलली तरी नरांवर फारसा परिणाम होत नसे, परंतु खोलीचा आकार पडद्याने झाकला की त्यांच्या चुका वाढत. व्यूहाच्या सभोवती कोणत्या खुणा ठेवल्या आहेत यावर 'कोण अधिक चांगले शिकतो' हे काही अंशी अवलंबून राहते, असा याचा अर्थ होतो.

मदचक्र आणि हिप्पोकॅम्पस

मादी उंदराचे मदचक्र चार ते पाच दिवसांचे असते. गाय-म्हशींच्या संदर्भात ज्याला 'माजावर येणे' म्हणतात, ती अवस्था उंदरात दर चार-पाच दिवसांनी येते. चक्राचे पूर्वमद, मद, पश्चमद व विमद असे चार टप्पे मानले जातात. पूर्वमदात इस्ट्राडायॉल व पाठोपाठ प्रोजेस्टेरॉन यांची पातळी उच्चांक गाठते आणि मदापर्यंत ती झपाट्याने उतरते.

कॅथरिन वूली, एलिझाबेथ गूल्ड, माया फ्रँकफर्ट व ब्रूस मॅक्युएन यांनी इ.स. १९९० मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण नोंदवले. चेतापेशीच्या शाखांवर सूक्ष्म काट्यांसारखे उंचवटे असतात व त्यांवर दुसऱ्या पेशींकडून येणारे संदेश उतरतात. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ या विभागातील पेशींवर अशा काट्यांची दाटी पूर्वमदात सर्वाधिक होती. अवघ्या २४ तासांत, मदाच्या टप्प्यापर्यंत, ती सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती. अंडाशये काढलेल्या मादींमध्ये ही दाटी कमी होते आणि इस्ट्राडायॉल दिल्यास पूर्ववत होते, हेही त्याच वर्षी दाखवण्यात आले. प्रोजेस्टेरॉनमुळे ती प्रथम काही तास वाढते व नंतर वेगाने घटते. प्रौढ मेंदूची रचना स्थिर असते, या तोवरच्या समजुतीला या निष्कर्षांनी धक्का दिला.

यामागील कार्यपद्धतीचे काही दुवे नंतर स्पष्ट झाले. इस्ट्राडायॉल हिप्पोकॅम्पसमधील दमनकारी पेशींचा प्रभाव काही काळ कमी करते. त्यामुळे मुख्य पेशी अधिक उद्दीपित होतात आणि एनएमडीए या ग्राहीमार्फत नवे काटे तयार होतात. ही प्रक्रिया जनुकांच्या नियमनातून, काही तासांत किंवा दिवसांत घडते. याशिवाय इस्ट्राडायॉलचा काही मिनिटांत दिसणारा जलद परिणामही असतो. इ.स. १९८० मध्ये टिमोथी टायलर व सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसच्या पातळ कापांवर तो नोंदवला होता.

स्मृतीतील बदल की रीतीतील बदल

काट्यांची दाटी वाढली तर स्मृतीही सुधारावी, अशी अपेक्षा साहजिक होती. प्रत्यक्षात जलव्यूहात उलट चित्र दिसले. वॉरन व जॅनिस जुरास्का यांच्या इ.स. १९९७ च्या प्रयोगात पूर्वमदातील मादींना लपवलेला चौथरा शोधणे अधिक जड गेले, मात्र ठळक खुणेने दाखवलेला चौथरा त्यांनी अधिक चांगल्या रीतीने शोधला. अन्य काही प्रयोगांत चक्राच्या टप्प्यांनुसार फरकच दिसला नाही. दुसरीकडे, अरीय व्यूहात इस्ट्राडायॉल दिलेल्या मादींच्या कार्यकारी स्मृतीच्या चुका कमी झाल्याचे जिल डॅनियल व व्हिक्टोरिया लुइन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे नोंदवले.

या विसंगतीमागील कारणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात.

पहिले कारण मात्रेचे आहे. लिसा गॅलिया यांच्या गटाला अल्प मात्रेतील इस्ट्राडायॉल कार्यकारी स्मृतीस उपकारक, तर अधिक मात्रेतील इस्ट्राडायॉल अपायकारक आढळले. मात्रा व परिणाम यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही.

दुसरे कारण ताणाचे आहे. पाण्यात पोहणे उंदराला तणावपूर्ण असते, तर अरीय व्यूहात त्याला अन्न मिळते. जलव्यूहातील मदचक्राचा परिणाम पाण्याच्या तापमानानुसार बदलतो, असे जुरास्का यांच्या गटाने इ.स. २००४ मध्ये दाखवले. ताणाच्या संप्रेरकांचा नर व मादी यांच्या शिकण्यावर होणारा परिणामही सारखा नसतो. ट्रेसी शोर्स यांच्या प्रयोगांत ताणानंतर पापणी मिटण्याचे अभिसंधान नरांत सुधारले व मादींत बिघडले.

तिसरे कारण रीतीचे आहे. डोना कोरोल यांच्या गटाने अधिक चिन्हाच्या आकाराच्या व्यूहात मादी उंदरांची चाचणी घेतली. पूर्वमदातील मादींनी बहुतांशी जागा लक्षात ठेवण्याची रीत वापरली, तर मदातील मादींनी वळण लक्षात ठेवण्याची. अंडाशये काढलेल्या मादींना इस्ट्राडायॉल दिल्यावर जागा शिकणे सुधारले, पण वळण शिकणे मंदावले. एकाच संप्रेरकाने एक काम सोपे व दुसरे अवघड केले. इस्ट्राडायॉल स्मृतीची बेरीज-वजाबाकी करण्याऐवजी निरनिराळ्या स्मृतियंत्रणांमधील तोल बदलते, या मताला अशा प्रयोगांमुळे बळ मिळाले.

टेस्टोस्टेरॉन आणि नर

रॉबिन रूफ व मायकेल हेवन्स यांनी इ.स. १९९२ मध्ये नवजात मादी उंदरांना टेस्टोस्टेरॉन दिले. मोठेपणी त्यांची जलव्यूहातील कामगिरी व हिप्पोकॅम्पसच्या एका भागाची रचना नरांच्या जवळ जाणारी आढळली.

प्रौढ नरांबाबत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. वृषणे काढलेल्या नरांमध्ये सीए१ विभागातील काट्यांवरील संधींची संख्या घटते. ती टेस्टोस्टेरॉन किंवा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन दिल्याने पूर्ववत होते, इस्ट्राडायॉल दिल्याने मात्र होत नाही, असे चाबा लेरांत व नील मॅक्लस्की यांच्या गटाने इ.स. २००३ मध्ये दाखवले. मादीमध्ये हेच काम इस्ट्राडायॉल करते. परिणाम सारखा, पण त्याकडे जाणारा मार्ग वेगळा असण्याचे हे उदाहरण आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढ वयातही नव्या चेतापेशी तयार होतात. मादीमध्ये इस्ट्राडायॉलमुळे अशा पेशींची निर्मिती काही काळ वाढते, तर नरामध्ये अँड्रोजेनमुळे त्या अधिक संख्येने टिकतात.

मेंदूत तयार होणारे इस्ट्राडायॉल

लैंगिक संप्रेरके केवळ अंडाशये व वृषणे यांतच तयार होतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. इ.स. २००४ मध्ये जपान व जर्मनी येथील गटांनी हिप्पोकॅम्पसच्या पेशी स्वतः इस्ट्राडायॉल तयार करतात हे दाखवले. ॲरोमॅटेज रोखणारे औषध दिल्यास तेथील संधींची संख्या घटते. झीब्रा फिंच या लहान गाणाऱ्या पक्ष्याच्या हिप्पोकॅम्पसमध्येही ॲरोमॅटेज मुबलक असते आणि इस्ट्राडायॉल दिलेले नर अन्नाची जागा अधिक लवकर शिकतात. त्यामुळे रक्तातील संप्रेरकाची पातळी मोजून मेंदूतील पातळीचा अंदाज बांधणे पुरेसे ठरत नाही.

गर्भारपण आणि मातृत्व

गर्भारपणात इस्ट्राडायॉल व प्रोजेस्टेरॉन यांची पातळी दीर्घकाळ उंच राहते. क्रेग किन्स्ली, केली लॅम्बर्ट व सहकाऱ्यांनी इ.स. १९९९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पिले वाढवलेल्या उंदीर मादी अन्नाची जागा शोधण्यात व लक्षात ठेवण्यात पिले न झालेल्या मादींपेक्षा सरस ठरल्या. पिलांना बिळात ठेवून अन्न आणणाऱ्या मादीला कमीत कमी वेळात परतणे हिताचे असते, असे याचे परिस्थितिकीय स्पष्टीकरण दिले जाते. या फरकामागे संप्रेरकांबरोबर पिलांच्या संगोपनाचा अनुभवही असतो व दोन्ही पूर्णपणे वेगळे करणे कठीण आहे.

निसर्गातील प्राणी

प्रयोगशाळेबाहेरील अभ्यासांचा आरंभ व्होल या उंदरासारख्या प्राण्यांपासून झाला. मेडो व्होल जातीचा नर प्रजननकाळात अनेक माद्यांच्या शोधात मोठ्या क्षेत्रात फिरतो. पाइन व्होल जातीत नर-मादी जोडीने राहतात व दोघांचे क्षेत्र जवळपास सारखे असते. स्टीव्हन गॉलिन व रँडल फिट्झजेरल्ड यांनी इ.स. १९८० च्या दशकात दाखवले की व्यूहातील नर-मादी फरक पहिल्या जातीत दिसतो व दुसऱ्या जातीत दिसत नाही. लुसिया जेकब्स व सहकाऱ्यांना इ.स. १९९० मध्ये हिप्पोकॅम्पसच्या आकारातही असाच भेद आढळला. ज्या लिंगाला अधिक मोठ्या क्षेत्रात वावरावे लागते त्याची अवकाशीय स्मृती अधिक विकसित होते, या मताला 'क्षेत्रविस्तार गृहीतक' म्हणतात.

या गृहीतकाची कसोटी जेथे मादीला अधिक वाटा लक्षात ठेवाव्या लागतात तेथे लागते. उत्तर अमेरिकेतील तपकिरी डोक्याच्या काउबर्ड पक्ष्याची मादी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालते. त्यासाठी तिला अनेक घरटी हेरून त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. नर या कामात भाग घेत नाही. डेव्हिड शेरी व सहकाऱ्यांना इ.स. १९९३ मध्ये या जातीत मादीचा हिप्पोकॅम्पस नरापेक्षा तुलनेने मोठा आढळला आणि इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मादींची अवकाशीय स्मृती नरांपेक्षा सरस ठरली.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे परिचित साम्य कोकिळेत दिसेल. नवी मुंबईसारख्या शहरांतही उन्हाळ्यात ऐकू येणारी 'कुहू' ही साद नर कोकीळाची असते. ठिपकेदार मादी मात्र लपतछपत कावळ्यांची घरटी हेरते आणि योग्य वेळी त्यांत अंडे घालते. घरट्यांची जागा व त्यांतील अंड्यांची अवस्था लक्षात ठेवण्याची गरज काउबर्डप्रमाणेच कोकिळेच्याही मादीला असते. तथापि कोकिळा व काउबर्ड हे दूरच्या कुळांतील पक्षी असून त्यांच्यात ही सवय स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. म्हणून एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला थेट लावता येत नाहीत.

मांसाहारी गणात बोनी पर्ड्यू व सहकाऱ्यांनी इ.स. २०११ मध्ये दोन प्राण्यांची तुलना केली. महाकाय पांडांमध्ये नराचे क्षेत्र मोठे असते व चाचणीत नर सरस ठरले. आशियाई लहान नखांचे पाणमांजर जोडीने राहते आणि त्याच्यात नर-मादी फरक आढळला नाही. हे पाणमांजर पश्चिम घाटातही आढळते.

क्षेत्रविस्तार गृहीतकावर आक्षेपही घेतले गेले आहेत. एडवर्ड क्लिंट व सहकाऱ्यांनी इ.स. २०१२ मध्ये ११ प्राणिजातींची माहिती एकत्र केली, तेव्हा क्षेत्राच्या फरकाचा व स्मृतीच्या फरकाचा अपेक्षित संबंध त्यांना आढळला नाही. त्यांच्या मते नरांमधील सरसपणा, जेथे आढळतो तेथे, अन्य कारणांसाठी निर्माण झालेल्या टेस्टोस्टेरॉनचा आनुषंगिक परिणाम असू शकतो. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

वय आणि संधीचा काळ

अंडाशये काढल्यानंतर इस्ट्राडायॉल केव्हा सुरू केले जाते यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. रॉबर्ट गिब्स यांना इ.स. २००० मध्ये असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू केल्यास वयस्क उंदीर मादींना लाभ होतो, दहा महिन्यांनी सुरू केल्यास होत नाही. डॅनियल यांच्या गटाने इ.स. २००६ मध्ये तत्काळ उपचार व पाच महिन्यांनी सुरू केलेला उपचार यांत असाच फरक नोंदवला. यावरून 'संधीचा काळ' ही कल्पना पुढे आली. संप्रेरकाचा दीर्घकाळ अभाव राहिल्यास मेंदू त्याला प्रतिसाद देण्याची क्षमता गमावतो, असे ती सुचवते.

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घ्यावीत की नाहीत, या स्त्रियांच्या प्रश्नाशी ही कल्पना जोडली गेली. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील ४,५३२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे असे घडले असावे, असा युक्तिवाद संधीच्या काळाच्या आधारे करण्यात आला. मात्र नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवरील नंतरच्या दोन चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष इ.स. २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, संप्रेरकांमुळे स्मृती सुधारल्याचे दिसले नाही. उंदरांवरील स्पष्ट निष्कर्षही माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

संशोधनपद्धतीविषयीचे प्रश्न

नर-मादी फरकाविषयीचे अनेक निष्कर्ष प्रयोगाच्या मांडणीवर अवलंबून असतात. चाचणीपूर्वी उंदरांना हौदाची व पोहण्याची सवय करून दिल्यास जलव्यूहातील फरक नाहीसा होतो, असे तारा पेरो-सिनाल व सहकाऱ्यांनी इ.स. १९९६ मध्ये दाखवले. सवय नसलेल्या मादी हौदाच्या कडेकडेने पोहत राहत. त्यांची स्मृती कमी नव्हती. नव्या परिस्थितीला त्यांनी दिलेला प्रतिसाद वेगळा होता. झकारिया जोनासन यांच्या इ.स. २००५ च्या आढाव्यात उंदरांच्या काही जातींत नर सरस आढळले, मात्र लहान उंदरांत हा फरक अत्यल्प होता.

दुसरा प्रश्न मादींना प्रयोगांतूनच वगळण्याचा आहे. मदचक्रामुळे मादींची निरीक्षणे अस्थिर असतात, या समजुतीने अनेक दशके बहुसंख्य प्रयोग फक्त नरांवर झाले. ॲनालीज बिअरी व अर्व्हिंग झकर यांनी इ.स. २००९ मधील शोधनिबंध तपासले, तेव्हा चेताविज्ञानात केवळ नरांवरील अभ्यासांचे केवळ मादींवरील अभ्यासांशी प्रमाण ५.५ ला १ असे आढळले. इ.स. २०१४ मध्ये लहान उंदरांवरील २९३ शोधनिबंधांच्या विश्लेषणात मादींची निरीक्षणे नरांहून अधिक अस्थिर नसल्याचे दिसून आले. म्हणजे वगळण्यामागील मुख्य कारणच आधारहीन होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने इ.स. २०१६ पासून निधी मागणाऱ्या संशोधकांना दोन्ही लिंगांचा विचार करणे आवश्यक केले. जे औषध केवळ नर प्राण्यांवर पारखले जाते ते पुढे स्त्रियांनाही दिले जाते, त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

भारतीय संदर्भ

संप्रेरके व प्रयोगशाळेतील उंदीर यांच्या अभ्यासाची मुंबई परिसरात जुनी परंपरा आहे, मात्र तिचा रोख स्मृतीपेक्षा कर्करोग व प्रजनन यांकडे राहिला. पुण्यात इ.स. १९१७ मध्ये जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाने कार्यास आरंभ करून, स्तनाच्या कर्करोगात संप्रेरके व विषाणू यांच्या परस्परसंबंधाचा लहान उंदरांवर अभ्यास केला. या केंद्राचा वारसा असलेली संशोधन संस्था इ.स. २००२ पासून टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' म्हणून नवी मुंबईतील खारघर येथे कार्यरत आहे. रणदिवे यांच्या पुढाकाराने इ.स. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचे मुख्यालय नवी मुंबईतील वाशी येथे आहे.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील इ.स. १९९८ च्या नियमांनुसार होते. अंडाशये किंवा वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया भूल देऊनच करावी लागते व प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची पूर्वसंमती आवश्यक असते. जलव्यूहासारख्या तणावपूर्ण चाचणीऐवजी पर्यायी चाचणी शक्य आहे काय, याचा विचारही अशा समित्यांपुढे येतो.

निष्कर्षांचा अर्थ लावताना

या विषयावरील निष्कर्ष अनेकदा स्त्री-पुरुषांच्या बुद्धीविषयीच्या विधानांसाठी वापरले जातात. वरील संशोधनातून अशा विधानांना आधार मिळत नाही. त्यासाठी तीन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. प्राण्यांमध्ये आढळलेले फरक गटांच्या सरासरीतील आहेत. दोन्ही गटांतील प्राण्यांची कामगिरी मोठ्या प्रमाणात एकमेकांवर पडते. अनेक फरक चाचणीची रचना, आधीची सवय व ताण यांत बदल केल्यास कमी होतात, नाहीसे होतात किंवा उलटतात. माणसाच्या बाबतीत शिक्षण, बाहेर वावरण्याचे स्वातंत्र्य व सराव यांचाही वाटा असतो, जो पिंजऱ्यातील उंदरावरून मोजता येत नाही.

दुसऱ्या बाजूस, संप्रेरकांचा स्मृतीशी काहीच संबंध नाही असे म्हणणेही चुकीचे ठरेल. अंडाशये शस्त्रक्रियेने लवकर काढावी लागलेल्या स्त्रिया, वृषणांचे कार्य मंदावलेले पुरुष आणि संप्रेरके रोखणारी कर्करोगविरोधी औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण यांच्या स्मृतीविषयीच्या तक्रारी समजून घेण्यास हे संशोधन उपयोगी पडते. ॲरोमॅटेज रोखणारी औषधे स्तनाच्या कर्करोगावर दिली जातात आणि तेच विकर हिप्पोकॅम्पसमध्येही कार्य करते. त्यामुळे प्राण्यांवरील अभ्यासांत संप्रेरकाची मात्रा, काळ, वय व काम यांची नोंद जितकी काटेकोर असेल, तितका त्यांचा अशा रुग्णांना उपयोग होण्याची शक्यता वाढते.